फोनवरची पहिली फेरी आणि ३४ टक्क्यांचा दाखला

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही बी.कॉम. आहात, टॅली आणि जीएसटीचं काम येतं, एका कर सल्लागाराकडे काही काळ काम केलंय. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, कानामागे बसणारी श्रवणयंत्रं वापरता, दिव्यांगत्वाच्या सरकारी दाखल्यावर ३४ टक्के आहेत. कंपन्यांकडे अर्ज केला की एचआरचा फोन येतो, दहा मिनिटं बोलणं होतं आणि पुढे काहीच कळत नाही. म्हणून तुम्ही विचारलंय की सीव्हीत हे लिहावं की लपवावं, आणि ३४ चे ४० करून घेण्याचा काही मार्ग आहे का, कारण घरचे सरकारी नोकरीच बघ म्हणतात.

मी बरीच वर्षं दिव्यांग उमेदवार आणि कंपन्या यांच्या मधल्या जागेत काम करते. उमेदवाराची तयारी करून घ्यायची, एचआरशी बोलायचं, नोकरी लागल्यावर पहिले काही महिने दोन्हीकडचं ऐकून घ्यायचं, असं ते काम आहे. तिथून पाहताना वाटतं की तुमची अडचण लिहावं की लपवावं ही नाही. तुमची गाठ फोनशी पडली आहे. तुम्ही काही सांगितलं नाही तरी फोन सांगतोच, आणि तो चुकीचं सांगतो. पलीकडच्या माणसाला तुमचं कमी ऐकणं दिसत नाही. त्याला दिसतो तो थांबणारा, "परत सांगता का" म्हणणारा, विचारलं एक आणि उत्तर दुसरंच देणारा उमेदवार. तो आपल्या कागदावर 'संवाद कमकुवत' असं लिहितो आणि पुढच्या नावाकडे वळतो. म्हणजे लपवण्याची किंमत तुम्ही आत्ताच मोजताय, बदल्यात काही मिळत नाही.

आधी टक्केवारीचं बोलू, कारण त्यात तुमचा बराच वेळ जाऊ शकतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात दोन वर्तुळं आहेत. मोठं वर्तुळ 'दिव्यांग व्यक्ती'चं आणि त्याच्या आत लहान वर्तुळ ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांचं. सरकारी नोकरीतलं ४ टक्के आरक्षण या आतल्या वर्तुळासाठी आहे. त्यातला १ टक्का कर्णबधिर आणि कमी ऐकू येणाऱ्यांचा. श्रवणयंत्रं वगैरे देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेलाही ४० चीच अट आहे. तुम्ही ३४ वर आहात, तेव्हा या गोष्टी आज तुम्हाला लागू नाहीत. हे ऐकायला बरं वाटत नाही, पण स्पष्ट असलेलं बरं.

टक्के कसे निघतात तेही समजून घ्या, म्हणजे उगाच कुणावर राग धरायला नको. शांत खोलीत, वेगवेगळ्या पट्टीचे सूर किती हळू आवाजापर्यंत ऐकू येतात ते प्रत्येक कानासाठी मोजतात. मग चांगल्या कानाचे टक्के पाचने गुणायचे, त्यात वाईट कानाचे मिळवायचे आणि सहाने भागायचं. चांगल्या कानाला एवढं वजन असल्यामुळे एक कान पूर्ण गेलेला आणि दुसरा ठणठणीत असेल तर आकडा सतराच्या पुढे जातच नाही. ४० गाठायला चांगल्या कानातही साधारण ६० डेसिबलच्या आसपास तूट लागते. हे गणित शांत खोलीतल्या सुरांचं आहे. एसी घरघरतोय, चार जण एकदम बोलतायत, अशा जागी तुमचं किती निसटतं हे त्यात उतरत नाही. त्यामुळे ३४ टक्केवाला माणूस ऑफिसात ५० टक्केवाल्याइतकाच अडलेला असू शकतो. तुम्ही तसेच आहात असं तुमच्या वर्णनावरून वाटतं.

आकडा चुकला आहे असं खरंच वाटत असेल, म्हणजे तपासणीच्या दिवशी सर्दीने कान भरले होते, किंवा त्यानंतर ऐकणं आणखी कमी झालंय, तर सरळ मार्ग आहे. ताजा ऑडिओग्राम (कानांच्या तपासणीचा आलेख) काढा आणि पुनर्तपासणी मागा. दाखला देणाऱ्या अधिकाऱ्याच्या निर्णयावर अपील करण्याची सोय कायद्याच्या कलम ५९ मध्ये आहे. पण "चाळीस करून देतो" म्हणणारा कुणी भेटला तर तिथूनच मागे फिरा. खोट्या मार्गाने लाभ घेतला तर कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि अशा दाखल्यावर मिळालेली नोकरी आयुष्यभर मानेवर टांगती राहते.

मग ३४ टक्क्यांचा काहीच उपयोग नाही का? आहे. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, ४० च्या खालच्यांनाही मिळतं, पांढऱ्या रंगाचं (४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि वर निळं). स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा आणि ते काढून ठेवा. कंपनीशी बोलताना हाताशी सरकारी कागद असलेला बरा. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, कायद्यातली भेदभावाची मनाई आणि 'वाजवी सोयी' (अडचण दूर व्हावी म्हणून केलेले योग्य ते बदल) ही कल्पना त्या मोठ्या वर्तुळासाठी आहे. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ ला विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या प्रकरणात हे नीट उलगडून सांगितलं. त्या उमेदवाराला लिहिताना हाताला पेटके यायचे, तो ४० च्या अटीत बसत नव्हता, म्हणून लेखनिक नाकारला होता. न्यायालय म्हणालं की आरक्षणासाठीची ४० ची अट सोयी नाकारायला वापरता येणार नाही. ते प्रकरण परीक्षेचं होतं, पण तुमच्या प्रश्नात तेच तत्त्व कामाचं आहे. आरक्षण मागायचा हक्क नसला तरी व्हिडिओ कॉल मागायला तुम्हाला ४० टक्के लागत नाहीत.

सरकारी परीक्षा द्यायच्या तर खुल्या स्पर्धेतून जरूर द्या. फक्त त्यासाठी घरी बसू नका. लेखा विभागातल्या नोकरीसाठी सीव्हीवरची दोन वर्षांची रिकामी पोकळी फार वाईट दिसते, कमी ऐकू येण्यापेक्षाही वाईट.

आता कधी सांगायचं. याचं एकच उत्तर सगळ्यांना लागू पडत नाही. ज्याचा आजार बाहेरून दिसत नाही आणि मुलाखतीत आडही येत नाही, उदाहरणार्थ औषधांवर स्थिर असलेला मानसिक आजार, त्याला मी सहसा ऑफर हातात येईपर्यंत थांबायला सांगते. व्हीलचेअरवरच्या उमेदवाराला मुलाखतीआधीच जिना आहे की लिफ्ट हे विचारावं लागतं. तुमचं या दोघांच्या मधलं आहे. माझ्या मते सीव्हीत लिहू नका, अर्ज खास दिव्यांगांसाठीच्या भरतीतून जात असेल तर मात्र लिहा. सांगायची वेळ म्हणजे मुलाखतीचं बोलावणं येतं तो क्षण. तोवर त्यांनी तुमचं काम वाचलेलं असतं, तुम्ही त्यांना हवे असता, आणि तुमच्या मागणीला कारण असतं.

काय सांगायचं, यावर जास्त विचार करा. लोक एक तर निदान सांगतात ("मला सेन्सरीन्यूरल हिअरिंग लॉस आहे"), नाही तर माफी मागतात. एचआरला निदानाचं काय करावं कळत नाही आणि माफीने तो घाबरतो. त्याला हवं असतं ते एवढंच: नेमकं काय अडतं, काय केलं की अडत नाही. असा मेल पाठवा:

"मुलाखतीसाठी निवड केल्याबद्दल आभार. मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं आणि मी श्रवणयंत्रं वापरतो. समोरासमोर आणि व्हिडिओवर बोलणं मला समजतं, साध्या फोनवर मात्र शब्द निसटतात. ही फेरी कॅप्शन चालू ठेवून व्हिडिओ कॉलवर घेता येईल का? सध्याच्या कामात ग्राहकांशी माझा व्यवहार मेल आणि चॅटवर चालतो आणि जीएसटी रिटर्नं मी स्वतः भरतो."

शेवटचं वाक्य गाळू नका. 'हा माणूस काम कसं करणार' हा प्रश्न मनात उठायच्या आत उत्तर तिथे असतं. आणि मेलच करा, फोनवर सांगू नका. एक तर फोनच अडचणीचा, दुसरं म्हणजे लेखी राहतं.

अचानक येणारा फोन टाळता येत नाही. उचला, "मी पाच मिनिटांत व्हिडिओ कॉलची लिंक पाठवतो, चालेल ना?" म्हणा आणि ठेवा. फोनवरच बोलावं लागलं तर एक बारीक गोष्ट, जी यंत्र विकणारेही पुष्कळदा सांगत नाहीत: कानामागच्या यंत्राचा माइक कानाच्या वर-मागे असतो. आपण सवयीने फोन कानाच्या भोकाशी धरतो, तिथे यंत्राला काही ऐकूच जात नाही. फोन थोडा वर आणि मागे सरकवून बघा, फरक पडतो. यंत्रात ब्लूटूथ असेल तर आवाज थेट यंत्रात येतो, ते त्याहून बरं. तुमच्या मॉडेलमध्ये ते आहे आणि कुणी चालू करून दिलेलं नाही, असंही असू शकतं. ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे कान तपासून यंत्र बसवून देणाऱ्या तज्ज्ञाला, मुद्दाम विचारा.

लेखा विभागात खरा धोका आकड्यांचा आहे, म्हणून त्यावर जरा थांबते. ऐकणं कमी झालं की बहुतेकांचे आधी बारीक, वरच्या पट्टीचे आवाज जातात. स्वर ऐकू येतात, पण स, श, त, फ पुसट होतात. 'साठ'मधला स गेला की उरतं 'आठ'. त्यात आपले मराठी आकडे एकमेकांचे जुळे भाऊ. सत्तावीस, सदतीस, सत्तेचाळीस, सत्तावन्न भरभर म्हणून बघा. पगारपत्रकाचं काम करणारी एक मुलगी माझ्याकडे होती. साहेब जाता जाता "त्याचे सदतीसशे धर" म्हणायचे आणि ती सत्तावीसशे धरायची. साहेबांचं मत झालं होतं की मुलगी निष्काळजी आहे. आम्ही एकच नियम बसवला: आकडा तोंडी सांगायचा झाला तर सुटे अंक, "तीन-सात-शून्य-शून्य", आणि तिने तो परत म्हणून दाखवायचा, जमलं तर चॅटवर टाकायचा. चुका थांबल्या. पुढे तो नियम सगळ्या विभागाने उचलला, कारण चांगले कान असलेल्यांच्याही तशाच चुका होत होत्या. मुलाखतीत "तुम्ही आकडे कसे घेणार?" असं विचारलं तर हेच सांगा. माझा अनुभव असा की इतकं नेमकं उत्तर आलं की समोरच्याची शंका बरीचशी विरते.

समोरासमोरच्या मुलाखतीत जागा स्वतः निवडा. खिडकीकडे पाठ करून बसा, म्हणजे उजेड समोरच्याच्या तोंडावर पडेल आणि ओठ दिसतील. उलट बसलात तर तो नुसती काळी आकृती दिसेल. एसी किंवा पंख्यापासून लांब बसा, यंत्र त्याचाही आवाज वाढवतं. तीन-चार जणांचं मंडळ असेल तर सुरुवातीलाच म्हणा, "एकेकाने बोललात तर मला सोपं जाईल." कुणी आवाज चढवला तर हसून सांगा की ओरडू नका, थोडं सावकाश बोला. ओरडताना ओठांचा आकार बिघडतो आणि यंत्रात आवाज फाटतो.

एक कटू गोष्टही सांगायला हवी. प्रत्येक जागा तुमच्यासाठी नाही. वसुलीचं काम, दिवसभर पुरवठादारांना फोन करायचं काम, ग्राहक सेवा, इथे सोयी करूनही तुम्ही संध्याकाळपर्यंत गळून जाल. सतत कान देऊन ऐकण्याचा थकवा हा खरा थकवा असतो. बँक रिकन्सिलिएशन, टीडीएस, जीएसटी, पगारपत्रक, ऑडिटची तयारी यांत कागद आणि स्क्रीन बोलतात, तिकडे जोर लावा. मात्र कुणी "यांना डेटा एन्ट्रीला बसवू" म्हणून तुमच्या शिक्षणाखालची जागा पुढे केली तर कृतज्ञतेपोटी घेऊ नका. त्या खुर्चीतून वर सरकणं फार अवघड जातं.

कंपनी मोठी की लहान, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. कायद्याच्या कलम २१ नुसार प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं आहे, खाजगीनेसुद्धा. वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्यात सोयी कोणत्या, सहायक साधनं कोणती आणि संपर्क अधिकारी कोण, हे सगळं यायला हवं. मोठ्या कंपनीच्या संकेतस्थळावर अर्जाआधी ते शोधा. सापडलं तर मेलमध्ये एका ओळीत उल्लेख करा, दार लवकर उघडतं. सापडलं नाही तर तेही काही सांगून जातं. पाच-दहा माणसांच्या सीए ऑफिसात असलं काही नसतं, तिथे मालकच धोरण. पण तिथे एक फायदा असतो, निर्णय त्याच टेबलावर होतो. मी तिथल्या उमेदवारांना एक आठवडा काम करून दाखवायची तयारी दाखवायला सांगते, त्या आठवड्याच्या पैशासकट. फुकट नाही.

खाजगी क्षेत्रात कायद्याचे दात किती, हेही माहीत असू द्या. सोयी देण्याची स्पष्ट सक्ती कलम २० मध्ये सरकारी आस्थापनांवर आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आलं तर माणसाला काढता येत नाही, हे संरक्षणही तिथलंच. खाजगी कंपनीच्या बाबतीत हातात येतं ते भेदभावाच्या मनाईचं तत्त्व, तिचं स्वतःचं धोरण आणि तक्रारीचा मार्ग. "तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून घेत नाही" असं कुणी लेखी दिलं तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयात राज्य आयुक्तांकडे तक्रार करता येते. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड आहे. पण आयुक्त शिफारस करतात, तुम्हाला त्या खुर्चीत नेऊन बसवत नाहीत. मी स्वतः तक्रारीचा मार्ग अशांनाच सुचवते ज्यांच्या हातात कागद आहे आणि ज्यांची दुसरी नोकरी शोधणं त्यामुळे थांबणार नाही.

मदत कुठे मिळेल तेही विचारलंय. केंद्रीय श्रम मंत्रालयाची दिव्यांगांसाठीची नॅशनल करिअर सर्व्हिस केंद्रं आहेत, मुंबईतही आहे. तिथे क्षमता तपासून प्रशिक्षण आणि नोकरीची नोंदणी होते. बांद्र्याची अली यावर जंग संस्था ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींवरच काम करते, यंत्राचं सेटिंग नीट तपासून घ्यायला चांगली जागा. एनेबल इंडिया, यूथ फॉर जॉब्स, सार्थक या संस्था कंपन्यांशी थेट जोडलेल्या आहेत. जिथे जाल तिथे पहिला प्रश्न हा विचारा: "३४ टक्के चालतील का?" काही कार्यक्रमांचा निधी ४० च्या अटीवर येतो, त्यात संस्थेचा दोष नसतो. नोंदणी करून तीन महिने वाट बघण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं.

ऑफर आल्यावरचं थोडं. रुजू होताना वैद्यकीय फॉर्म असतो, त्यात श्रवणाबद्दल थेट विचारलं असेल तर खरं लिहा. तिथे खोटं लिहिलं आणि पुढे वाद झाला तर तेवढं एकच कारण तुमच्याविरुद्ध पुरतं. मुलाखतीआधीच मेल केलेला असेल तर तुम्हाला तिथे काही नवं सांगावंच लागत नाही. पहिल्या आठवड्यात वरिष्ठांकडे मोजक्या गोष्टी मागा: भिंतीला पाठ असलेली जागा, म्हणजे मागून कुणी हाक मारली असं होणार नाही, तोंडी सूचना चॅटवर, बैठका शक्यतो सकाळी आणि नंतर दोन ओळींचं टिपण. आणि आगीचा भोंगा वाजला तर खांद्यावर हात ठेवून तुम्हाला उठवेल असा शेजारचा एक सहकारी ठरवून घ्या. हे शेवटचं कुणाला सुचत नाही, तुम्हालाच मागावं लागेल. रात्री उशिरापर्यंत काम करताना यंत्रं काढून ठेवायची सवय असेल तर विशेषच.

पुढचं बोलावणं आलं की वरचा मेल तुमच्या शब्दांत लिहून इथे टाका, नाव-गाव काढून. ऑडिओग्राममधले दोन्ही कानांचे आकडेही द्या. कोणते आवाज निसटतात ते त्यावरून कळेल, आणि मुलाखतीत नेमकं काय मागायचं ते आणखी बारकाईने सांगता येईल.